रँक्ड लावायच्या आधीचा अर्धा तास: व्हॅलोरंटमध्ये नवीन असाल तर वॉर्मअप असा करा

व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाचच्या शूटिंग गेममध्ये लेव्हल २० झाली की कॉम्पिटिटिव्हचं, म्हणजेच रँक्डचं (जिथे हार-जितीवर रँक ठरते) कुलूप उघडतं आणि मग आपण काय करतो, तर पीसी चालू, लॉगिन, मित्राला पार्टीत ओढला की लगेच स्टार्ट. पहिले तीन महिने मीही हेच केलं. जेवण झालं की साडेनऊला बसायचो आणि पहिला हाफ कुठे जायचा कळायचंच नाही, समोरचा दिसायचा, क्लिकही व्हायचं, पण गोळी त्याच्या खांद्याशेजारून भिंतीत. सातव्या-आठव्या राउंडला कुठे हात बसायचा आणि तोवर स्कोअर २-६ झालेला असायचा.

मग एक वही केली आणि रोजच्या पहिल्या मॅचचा नि दुसऱ्या मॅचचा निकाल शेजारी शेजारी लिहायला लागलो. महिनाभरात पान बघूनच कळलं, पहिल्या रकान्यात हारच हार आणि दुसरा रकाना बऱ्यापैकी बरा. म्हणजे मी रोज एक रँक्ड मॅच वॉर्मअप म्हणून खर्च करत होतो, आणि आरआर (रँकचे पॉइंट) फक्त माझे जात नव्हते, माझ्यासोबत पडलेल्या चार जणांचेही जात होते. दिवसभर काम करून ते बिचारे दोन मॅच खेळायला बसलेले असतात. मला ही गोष्ट खरंच लागली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, ज्यांनी आत्ता आत्ता रँक्ड सुरू केलंय त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. वॉर्मअप वेगळा आणि प्रॅक्टिस वेगळी. बॅट्समन नेटमध्ये दोन तास एकच शॉट घोटतो ती प्रॅक्टिस, आणि मॅचच्या आधी बाउंड्रीजवळ दहा-पंधरा बॉल खेळून हात मोकळे करतो तो वॉर्मअप. प्रॅक्टिसने तुम्ही उद्या सुधारता. वॉर्मअपने तुम्ही आज, पहिल्या राउंडला, तुमच्या नेहमीच्या लेव्हलला असता, बस एवढंच, त्याहून जास्त काही त्याच्याकडून मागू नका.

काय काय लागेल

- माऊस आणि जरा मोठं पॅड (का ते खाली पायरी ३ मध्ये)
- हेडफोन, माईकवाला. साधा वायरचा चालेल, ब्लूटूथवाला शक्यतो नको, आवाज उशिरा येतो
- शक्य असेल तर राउटरपासून पीसीपर्यंत लॅन केबल
- राउटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर
- २५ ते ३० मिनिटं
- पाण्याची बाटली आणि एक सुका रुमाल

एम लॅबसारखं नेम सुधारायचं वेगळं सॉफ्टवेअर असलंच पाहिजे असं नाही. स्टीमवर फुकट आहे, आवडत असेल तर पाच मिनिटं करा, पण गेममधली रेंज (बॉटवर म्हणजे कॉम्प्युटरच्या पुतळ्यांवर सराव करायची जागा) आणि डेथमॅच एवढ्यावरही काम भागतं. मी बराच काळ एम लॅबमधल्या ग्रिडशॉट नावाच्या सरावात घालवला, तिथला स्कोअर दुपटीने वाढला आणि व्हॅलोरंटमध्ये काहीच फरक पडला नाही, कारण तिथे टार्गेटवर झपाझप उड्या मारायच्या असतात आणि इथे कोपऱ्यावर थांबून एकच गोळी नीट मारायची असते.

१. आधी मशीन आणि नेट बघा

हे वॉर्मअपच्या आधीचं. अर्धा तास हात तापवला आणि क्यू लावताना (मॅच शोधायला टाकताना) कळलं की अपडेट आलाय, तर सगळं पाण्यात. म्हणून घरी आल्या आल्या, जेवायला बसायच्या आधी लाँचर उघडून ठेवायचा, अपडेट असेल तर जेवण होईस्तोवर उतरतो.

व्हॅनगार्ड, म्हणजे त्यांचं अँटी-चीट, पीसी चालू होतानाच सुरू व्हावं लागतं. दिवसा कोणी ते बंद केलं असेल (घरात पीसी एकच असला की होतंच हे) तर रीस्टार्ट केल्याशिवाय गेम चालत नाही. विंडोज ११ असेल तर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (पीसीच्या सुरक्षेच्या दोन सेटिंग) चालू लागतं, ते एकदाच बघायचं काम आहे, पण रँक्डच्या रात्री नाही, निवांत रविवारी.

आता ज्यात सगळ्यात जास्त लोक फसतात ते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, लावला, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच राहिला. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन एकदा डोळ्यांनी बघून घ्या. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर बदलल्यावर परत बघा.

नेटचं म्हणाल तर गेमच्या सेटिंगमध्ये व्हिडिओच्या आत स्टॅट्स आहेत, तिथून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) स्क्रीनवर दिसायला लावा. आपल्याला मुंबई सर्व्हर आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून पिंग सहसा छानच येतं, पण लॉबीत सर्व्हर निवडायची जी जागा आहे तिथे चुकून सिंगापूर टिक राहिलं असेल तर मॅच तिकडे लागू शकते. आणि रात्री नऊ ते अकरा घरात सगळ्यांच्या सिरियल, रील, क्रिकेट एकाच वायफायवर चालू असतं. डेथमॅचमध्ये पॅकेट लॉस शून्याच्या वर टिकून राहत असेल तर त्या रात्री रँक्ड नकोच. गावाकडे असाल तर लाईटचं वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. मॅच ४० मिनिटांच्या आसपास चालते, एवढा वेळ राउटर जगेल ना हे बघून बसा.

२. हात, मनगट, खांदे (३ मिनिटं)

हे बरेच जण सोडून देतात. मी नाशिकचा, डिसेंबर-जानेवारीत रात्री दहाला बोटं इतकी आखडतात की ए आणि डी वेळेवर दाबलं जात नाही. कोमट पाण्यात दोन मिनिटं हात धरायचे आणि मग नीट कोरडे पुसायचे, अगदी बोटांच्या बेचक्यासुद्धा, कारण ओल्या हाताने माऊस घसरतो. कोकणात, मुंबईत उलटं, हाताला घाम, म्हणून तो रुमाल. पावसाळ्यात कापडी पॅड दमट होतं आणि माऊस जड चालतो, एम बिघडलंय असं वाटतं पण बिघडलेलं असतं पॅड. पंख्याखाली जरा सुकवून घ्या.

ताण द्यायचा तो असा: हात समोर सरळ, तळवा पुढे, दुसऱ्या हाताने बोटं हळू मागे ओढायची, १५ सेकंद. मग तळवा आपल्याकडे करून तसंच. दोन्ही हात. मग मुठी उघड-बंद वीसेक वेळा, खांदे पुढे-मागे फिरवा. झालं. मनगटात कळ किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर हे व्यायाम त्यावरचं औषध नाही, खेळ थांबवा आणि डॉक्टरला दाखवा.

खुर्चीची उंची रोज एकच ठेवा. कोपर टेबलाच्या लेव्हलला. एक दिवस उशी घेऊन बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नाही, असं केलं तर हात कसा बसणार.

३. सेन्सिटिव्हिटीला हात लावायचा नाही

नवीन माणूस दोन मॅच हरला की पहिलं काय बदलतो तर सेन्सी, म्हणजे माऊस हलवल्यावर नजर किती फिरते तो आकडा. मी एका आठवड्यात पाच वेळा बदलली होती. प्रत्येक वेळी पहिले दहा मिनिटं भारी वाटतं आणि मग परत तेच.

हिशोब साधा आहे. माऊसचा डीपीआय गुणिले गेममधली सेन्सी. ८०० आणि ०.४ असेल तर ३२०. बरेचसे चांगले खेळणारे २०० ते ४०० च्या मध्ये असतात, तुम्ही कुठेतरी तिथे एक आकडा धरा आणि निदान महिनाभर सोडू नका. ८०० ला ०.४ वर पूर्ण गोल फिरायला माऊस साधारण ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो, म्हणजे मागे वळून बघायला वीसेक सेंटिमीटर. म्हणून मोठं पॅड म्हटलं. कॅफेत टेबल छोटं असतं, तिथे कीबोर्ड तिरका करून डावीकडे सरकवा, जागा होते. आणि कॅफेत बसल्या बसल्या माऊसचा डीपीआय नक्की बघा, आधीच्याने बटण दाबून १६०० केलेला असतो. विंडोजमधलं पॉइंटर प्रिसिजनचं टिक पण काढून टाका.

४. रेंज (८ ते १० मिनिटं)

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

पहिली दोन मिनिटं गोळीच मारायची नाही. बॉट उभे असतात त्यांच्यासमोर चालत जायचं आणि क्रॉसहेअर (स्क्रीनच्या मधलं नेमाचं चिन्ह) एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर, मग तिसऱ्या, संथ. घाई नाही. डोक्याची उंची डोळ्यात बसली पाहिजे. रँक्डमध्ये नव्वद टक्के वेळ आपण फिरतच असतो, आणि तेव्हा क्रॉसहेअर जमिनीकडे असेल तर समोरचा आल्यावर आधी वर न्यायचा, मग आडवा, तोवर आपण मेलेलो असतो.

मग शेरिफ (रिव्हॉल्व्हर) घ्या. सहाच गोळ्या, त्यामुळे उधळता येत नाही. डावीकडे दोन पावलं, थांबा, एक गोळी. उजवीकडे दोन पावलं, थांबा, एक गोळी. या खेळात पळता पळता मारलेली गोळी कुठेही जाते, पूर्ण थांबलात तरच पहिली गोळी क्रॉसहेअरच्या मध्ये जाते. की सोडून द्या किंवा उलटी की हलकेच टिपा, दोन्ही चालतं, पण थांबणं आणि क्लिक यांच्यामधला तो क्षण हाताला ओळखीचा व्हायला पाहिजे. यासाठी एक युक्ती सांगतो, क्रॉसहेअरचं अजून एक प्रोफाइल बनवा आणि त्यात मूव्हमेंट एरर चालू ठेवा. चालताना क्रॉसहेअर फाकतो, थांबलात की मिटतो. मिटल्यावर मारा. रेंज झाली की परत आपलं नेहमीचं प्रोफाइल लावा.

हे मला शिकवलं ते आमच्या जवळच्या कॅफेतल्या काउंटरवरच्या दादाने. मी रोज शेवटच्या पीसीवर बसायचो, तो एकदा मागे येऊन उभा राहिला, काही बोललाच नाही, नुसता माझा डावा हात बघत होता. मग म्हणाला, "तुझी डी दाबलेलीच असते रे गोळी मारताना." मी मॉनिटरकडे बघत होतो, त्याने बोट बघितलं. त्यानंतर कित्येक दिवस मी रेंजमध्ये आवाज ऐकायचो, कीबोर्डची टक आणि मग माऊसची टक, दोन वेगळे आवाज आले पाहिजेत. एकत्र आले की चुकलं.

शेरिफच्या दोन मॅगझिन झाल्या की व्हँडल (रायफल). इथे आकडे माहीत असले की कसं मारायचं ते आपोआप समजतं. पूर्ण शिल्ड घेतलेल्या माणसाकडे सगळी मिळून १५० हेल्थ असते, व्हँडलची डोक्यातली गोळी कितीही लांबून १६०, म्हणजे एकात खेळ खलास. फँटमची (दुसरी रायफल) २० मीटरपर्यंत १५६, पण त्याच्या पुढे १४०, म्हणजे समोरचा दहावर जगतो. तुम्ही फँटमवाले असाल तर वॉर्मअपमध्येच लांबच्या बॉटला एक ऐवजी दोन गोळ्यांची सवय लावून घ्या.

भिंतीवर एक ठिपका धरून पाच-सहा गोळ्यांचे छोटे स्प्रे मारा, माऊस खाली ओढत. चार-पाच वेळा, पुरे. अख्खी मॅगझिन रिकामी करायची गरज नाही.

शेवटी ती ३० बॉटची टेस्ट, मीडियमवर, एकदा किंवा फार तर दोनदा. इथे फसू नका. १८ आले की २० पाहिजेत, २० आले की २२, आणि हे करता करता पाऊण तास जातो, मनगट दुखतं, डोकं तापतं आणि मॅच सुरू व्हायच्या आधीच चिडचिड. माझं झालंय हे, एकदा नाही, खूपदा. आकडा कितीही येऊ दे, दोनदा झालं की बाहेर पडायचं.

५. डेथमॅच (एक, जास्तीत जास्त दोन)

चौदा जण, प्रत्येक जण स्वतःसाठी, ४० किल किंवा ९ मिनिटं. एजंटची (आपण निवडलेल्या पात्राची) कसलीच पॉवर नाही, नुसत्या बंदुका. बॉट हलतात, पण माणूस थापा मारतो, अर्धा दिसून परत आत जातो, आणि हे डोळ्याला दाखवायला डेथमॅच लागतोच.

पण कसा खेळायचा ते ठरवून जा. मॅचला एकच काम. पहिल्यात मी बहुतेक शेरिफ किंवा घोस्टच (पिस्तूल) घेतो आणि काम एवढंच की प्रत्येक कोपऱ्यावर क्रॉसहेअर आधीच डोक्याच्या उंचीवर. दुसरा खेळलो तर व्हँडल, आणि प्रत्येक कोपरा खऱ्या मॅचसारखा तुकड्या-तुकड्याने उघडायचा, पळत घुसायचं नाही. किती किल झाले, कितवा आलो, बघूच नका. मागून मेलात, सोडून द्या, इथे माणसं कुठूनही उगवतात, त्यात तुमची चूक काही नाही. समोरासमोर मेलात तर मात्र स्वतःला एकच विचारा, मी थांबलो होतो का?

तीन सवयी इथे लागतात आणि त्या थेट रँक्डमध्ये येतात. एक, सुरी काढून कायम पळत सुटणं. दोन, माणूस दिसला की लगेच खाली बसून स्प्रे. तीन, एकाच कोपऱ्यात दबा धरून किल गोळा करणं, त्यात आकडा छान दिसतो पण हात थंडच राहतो. चॅटमध्ये शिव्या चालू असतील तर आधीच म्यूट करून टाका, मूड घालवून रँक्डला जायचं कशाला.

तुम्ही रेझ, जेटसारखे एजंट खेळत असाल आणि पॉवर वापरत वापरत मारायची सवय हवी असेल तर दुसऱ्या डेथमॅचऐवजी टीम डेथमॅच घ्या, २०२३ पासून आहे, पाच विरुद्ध पाच, १०० किल.

६. कान आणि तोंड

डेथमॅच गाणी लावून खेळता ना? शेवटच्या दोन मिनिटांत बंद करा. पावलं कुठून येतायत ते कानाला परत ओळखू दे. साध्या स्टिरिओ हेडफोनवर गेमच्या ऑडिओ सेटिंगमधलं एचआरटीएफ (आवाजाची दिशा नीट कळावी म्हणून असलेली सोय) चालू ठेवा, आणि ते चालू असेल तर हेडफोनच्या सॉफ्टवेअरमधलं किंवा विंडोजमधलं ७.१ सराउंड वगैरे बंद, दोन्ही एकावर एक लागले की दिशा कळेनाशी होते.

माईक तिथेच व्हॉइस चॅटमध्ये लूपबॅक टेस्टने तपासा. पंख्याचा घरघराट, मागे कुकरची शिट्टी, सगळं चार जणांच्या कानात जातं. आणि बोलायचंही वॉर्मअप असतं हो. मुंबई सर्व्हरवर कोण कुठला भेटेल सांगता येत नाही, हिंदी, तमिळ, इंग्लिश, कधी कधी आपला मराठी निघतो आणि मग मजा येते, पण तोवर कॉल छोटा ठेवा: किती, कुठे, किती लागलंय. "वन, बी मेन, हिट एटी-फोर." संपलं. मेल्यावर मी हे मुद्दाम डेथमॅचमध्येच माईक बंद ठेवून तोंडाने बोलतो, घरच्यांना सवय झालीये.

७. लाईनअप आणि मॅप

लाईनअप म्हणजे ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या नेमाने टाकायची पॉवर. फक्त सोव्हा, व्हायपर, किलजॉय असे एजंट खेळणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी पुढे जा. कस्टम गेम, चीट्स चालू, आणि माहीत असलेले दोन लाईनअप दोन-दोनदा. नवीन शिकायचा नाही, रँक्डच्या आधी तर अजिबात नाही, अर्धवट आठवतो आणि राउंडमध्ये भिंतीकडे बघत उभे राहता.

८. क्यू लावल्यावर

रेंजमधून क्यू लागतो, म्हणून परत रेंजमध्ये जा. पण आता व्हँडल नको, पिस्तूल घ्या, कारण मॅचमध्ये पहिला राउंड पिस्तुलाचाच असतो आणि बहुतेक जण रायफलने तापवलेला हात घेऊन त्यात उतरतात. ८०० क्रेडिट असतात. घोस्ट ५०० ची, जवळून-मध्यमवरून डोक्यात १०५, म्हणजे शिल्ड न घेतलेला एका गोळीत जातो, हलकं शिल्ड घेतलेला नाही, त्याला दुसरी लागते. म्हणून क्यूमध्ये घोस्टने डोक्यात दोन-दोनच्या जोड्या मारत बसायचं. टक-टक, पुढचा. टक-टक, पुढचा.

मॅच सापडली की पाणी प्या, फोन उलटा ठेवा.

वेळच नसेल तर

मित्र थांबलेत, दहाच मिनिटं आहेत: मुठी उघड-बंद, शेरिफच्या दोन मॅगझिन थांबून-मारून, मग एक डेथमॅच, लवकर नाहीच संपला तर पूर्ण नऊ मिनिटं. मित्रांना सांगा थांबा म्हणून, थांबतात. तेवढंही शक्य नसेल तर पहिली मॅच अनरेटेड किंवा स्विफ्टप्ले (दोन्हीत रँक जात नाही) लावा.

९. दोन मॅचच्या मध्ये

पंधरा-वीस मिनिटांच्या आत पुढची लावणार असाल तर काही करायची गरज नाही. जेवायला उठलात, कोणाचा फोन आला, तासभर गेला, तर पायरी ४ मधलं शेरिफवालं पाच मिनिटं परत करा.

ओळीने दोन हरलात तर खुर्चीवरून उठाच. मी गॅलरीत जाऊन येतो, लांबची लाईट बघतो, तेवढाच डोळ्यांना आराम. परत आलो की रेंज, शेरिफ, एक मॅगझिन, सहा गोळ्या सहा बॉटना. पाच किंवा सहा डोक्यात गेल्या तर अजून एक मॅच लावतो. चार किंवा कमी, तर त्या रात्रीचा पीसी बंद.